विहिरीचे पाणी बिघडल्यावर राज्याचा कायदा कुठवर पोहोचतो?

एका ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. औद्योगिक वसाहतीच्या उताराला असलेल्या त्यांच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी पिवळसर आणि मचूळ झाले आहे, प्रयोगशाळेने अहवालावर ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा मारला आहे, आणि तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतचे प्रत्येक कार्यालय ‘हा विषय आमचा नाही’ असे सांगत आहे. तेव्हा महाराष्ट्रात पाण्याच्या गुणवत्तेचे नियमन करणारा कायदा नेमका कोणता, आणि तो अपुरा असेल तर राज्याने स्वतःचा कायदा करावा की नाही?

पहिल्या भागाचे उत्तर असे की असा एकच कायदा नाही. पाण्यात काय सोडावे आणि काय सोडू नये यासाठी एक कायदा आहे, भूजल किती आणि कुठून उपसावे यासाठी दुसरा आहे, पाणी पुरवण्याची जबाबदारी तिसऱ्यात आहे. परंतु नळातून किंवा विहिरीतून घागरीत येणारे पाणी अमुक गुणवत्तेचे असलेच पाहिजे, नसेल तर अमुक अधिकारी जबाबदार, असे बंधन यांपैकी कुठल्याही कायद्यात स्पष्टपणे घातलेले नाही. आपल्या गावाला जी टोलवाटोलवी सोसावी लागते आहे, तिचे मूळ या पोकळीत आहे. आणि दुसऱ्या भागाचे उत्तर असे की ही पोकळी भरण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे आजही आहे. त्यासाठी संसदेकडे पाहत बसण्याचे कारण नाही.

अधिकाराचा मुद्दा आधी नीट समजून घेतला पाहिजे, कारण ‘पाणीप्रदूषण हा केंद्राचा विषय आहे’ असे उत्तर अनेकदा दिले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी, म्हणजे पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, जलनिःसारण आणि साठवण, हा राज्यसूचीतील 17 वा विषय आहे, तर सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हा त्याच सूचीतील 6 वा. याच अधिकारात महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला आणि त्याखाली 7 सप्टेंबर 1970 रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. संसदेचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम त्यानंतर, 1974 मध्ये आला. तोही संसदेने स्वतःच्या अधिकारात केलेला नाही. काही राज्यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद 252 खाली ठराव केल्यामुळे संसदेला तो अधिकार मिळाला. महाराष्ट्राने हा केंद्रीय कायदा 1981 मध्ये स्वीकारला, 1 जूनपासून तो येथे लागू झाला आणि राज्याचा 1969 चा कायदा मागे पडला.

या स्वीकाराचा परिणाम दूरगामी आहे. अनुच्छेद 252 खाली एकदा स्वीकारलेल्या कायद्यात राज्याचे विधिमंडळ दुरुस्ती करू शकत नाही. ती संसदच करू शकते, आणि तीही राज्यांच्या ठरावाच्या त्याच वाटेने. म्हणून सांडपाणी सोडणाऱ्याला किती शिक्षा असावी किंवा सांडपाणी सोडण्याची मंडळाची परवानगी म्हणजे संमतीपत्र किती दिवसांत द्यावे, हे ठरवणे महाराष्ट्राच्या हातात उरलेले नाही. नियम करणे, मंडळाला निर्देश देणे आणि अपील प्राधिकरण नेमणे एवढे अधिकार राज्य शासनाकडे राहिले. मात्र दिलेला विषय ‘जलप्रदूषणाचा प्रतिबंध व नियंत्रण’ एवढाच होता. पाणीपुरवठा, पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता, भूजलाचे व्यवस्थापन आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याने कोणालाही दिलेले नाहीत.

आता आपल्या विहिरीकडे येऊ. 1974 च्या कायद्यातील कलम 24 आपल्या प्रकरणाचा कणा आहे. मंडळाने ठरवलेल्या मानकांनुसार विषारी, अपायकारक किंवा प्रदूषण करणारा पदार्थ प्रवाहात, विहिरीत, मलप्रणालीत किंवा जमिनीवर, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, जाणूनबुजून जाऊ देण्यास हे कलम मनाई करते. ‘विहीर’ आणि ‘जमीन’ हे दोन्ही शब्द कलमातच आहेत, शिवाय ‘प्रवाह’ या संज्ञेच्या व्याख्येत भूगर्भातील पाण्याचाही समावेश आहे. त्यामुळे ‘कारखाना नदीत काही सोडत नाही, म्हणून आमचा संबंध नाही’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. अनेक संमतीपत्रांत प्रक्रिया केलेले सांडपाणी कारखान्याच्याच आवारात बागेसाठी वापरावे अशी अट असते. जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या पाण्याला बीओडीची (पाण्यातील घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) सर्वसाधारण मर्यादा 100 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, तर नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला 30. पावसाळ्यात जमीन आधीच भिजलेली असताना तेवढेच पाणी त्याच बागेत सोडले जात राहिले, तर ते झाडांना न लागता मुरूम आणि खडकातील भेगांमधून खाली जाते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टचा आहे आणि या खडकात पाणी सर्वत्र सारखे झिरपत नाही, भेगा जातील तसे जाते. म्हणूनच कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली आणि अर्ध्या किलोमीटरवरची बिघडलेली, असे चित्र दिसू शकते, आणि त्यावरून ‘मग आमच्यामुळे कसे?’ असा युक्तिवाद केला जातो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: तक्रार लिहिण्याआधी अहवाल वाचावा. ‘पिण्यास अयोग्य’ हा शेरा कारखाना दोषी असल्याचा पुरावा नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आपण भारतीय मानक 10500 वापरतो. त्यात नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर असून तीत सवलत नाही, एकूण विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस 500 पर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात, आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच नसावा. आता अहवालात केवळ नायट्रेट आणि जिवाणू वाढलेले असतील, रंग, सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) आणि धातू मात्र ठीक असतील, तर आधी विहिरीच्या आसपासचे शौचालयांचे शोषखड्डे, गोठे, उकिरडे आणि वरच्या शेतांतील खताचा वापर तपासावा लागेल. त्या स्थितीत कारखान्याविरुद्ध तक्रार केली, तर ती पहिल्याच पाहणीत निकाली निघते आणि पुढे खरी तक्रार केली तरी तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. उलट क्षार, क्लोराइड, सल्फेट, सीओडी किंवा रंग वाढलेला असेल, आणि उताराच्या वरच्या अंगाच्या विहिरीत हे काहीच वाढलेले नसेल, तर संशयाला आधार आहे. म्हणून एका विहिरीचा अहवाल पुरेसा नाही. वरची एक, खालच्या दोन आणि मधला नाला असे नमुने एकाच दिवशी घ्यावेत, आणि ते पावसाळ्यापूर्वी व नंतर असे दोनदा घ्यावेत.

नमुना घेण्याची पद्धत कंटाळवाणी वाटते, पण प्रकरण तिथेच टिकते किंवा कोसळते. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत काढलेल्या आणि दोन दिवस कपाटात राहिलेल्या पाण्याला काही अर्थ नाही. पंप काही मिनिटे चालू ठेवून मग रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा खळखळून भरावा. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, ती खळखळू नये, आणि बर्फाच्या पेटीत ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. विहिरीत त्याच दिवशी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर तसे लेबलवर लिहावे. जलसुरक्षक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि दोन ग्रामस्थ यांच्या सह्यांचा जागेवरचा पंचनामा सोबत ठेवावा.

कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तो ग्रामपंचायतीने परस्पर घेऊन उपयोग नाही. कलम 21 प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याच्या ताबेदाराला तेथेच नोटीस द्यायची असते, ताबेदाराने मागणी केल्यास त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे असतात, ते मोहोरबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात आणि मग ते प्रयोगशाळेकडे पाठवायचे असतात. ही कार्यपद्धती पाळली नाही तर सांडपाण्याच्या त्या नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यांतील आरोपी केवळ या एका उणिवेमुळे सुटलेले आहेत. आपल्या अर्जात ‘कलम 21 च्या कार्यपद्धतीनुसार नमुना घ्यावा’ हे वाक्य स्पष्टपणे असावे.

सोबत कारखान्याचे संमतीपत्र मिळवावे. कलम 25 खाली मंडळाने संमतीपत्रांची नोंदवही ठेवणे आणि ती बाधित व्यक्तीला पाहू देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राचे मंडळ संमतीपत्रे संकेतस्थळावरही ठेवते. त्यात दररोज किती सांडपाणी निर्माण व्हावे, कशा प्रक्रियेनंतर ते कुठे जावे, सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला किती द्यावे, हे आकड्यांत लिहिलेले असते. ‘प्रदूषण होत आहे’ या वाक्यापेक्षा ‘संमतीपत्रातील अमुक क्रमांकाच्या अटीचा भंग होत आहे’ हे वाक्य मंडळाच्या कार्यालयात शंभरपट प्रभावी ठरते.

त्यानंतरची पायरी कलम 49 ची आहे, आणि फार थोडे लोक तिचा वापर करतात. या कायद्याखाली न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार पूर्वी मंडळापुरता होता. 1988 च्या दुरुस्तीने तो नागरिकांनाही दिला, मात्र त्यासाठी मंडळाला किमान 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि अशा तक्रारदाराने मागितल्यास मंडळाने आपल्याकडील संबंधित अहवाल त्याला द्यावेत असेही त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी आलेल्या कलम 33-अ मुळे मंडळ कारखाना बंद करण्याचे किंवा त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकते. 60 दिवसांच्या नोटिशीत कलम 33-अ खालील कारवाईची मागणी आवर्जून करावी. खटल्याला वर्षे लागतात, वीज तोडण्याच्या निर्देशाचा परिणाम मात्र त्याच आठवड्यात दिसतो.

शिक्षेबाबत एक मोठा बदल झालेला आहे. पूर्वी कलम 24 च्या भंगाला दीड ते सहा वर्षांचा तुरुंगवास आणि दंड होता. 2024 च्या दुरुस्तीने तुरुंगवास काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांची शास्ती ठेवली, आणि ती ठरवण्याचे काम न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे दिले. संमतीपत्राशिवाय कारखाना चालवण्याच्या गुन्ह्याचा तुरुंगवास मात्र कायम राहिला. ही दुरुस्ती आरंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली; अन्य राज्यांत ती त्या त्या विधिमंडळाच्या ठरावानेच लागू होते, म्हणून नोटीस लिहिताना प्रदूषणाचा काळ आणि राज्याच्या स्वीकाराची तारीख दोन्ही ताडून पाहावेत. माझे मत स्पष्ट आहे: मोठ्या कारखान्याला 15 लाखांची शास्ती हा सांडपाणी प्रक्रियेच्या खर्चापुढे किरकोळ खर्च ठरतो, आणि विषारी पाणी सोडण्यामागची तुरुंगाची भीती काढून टाकणे हे चुकीचे पाऊल आहे. भरपाईची वाट मात्र बंद नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठाकडे 2010 च्या कायद्याच्या कलम 15 खाली, कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत, नुकसानभरपाई आणि जलस्रोत पूर्ववत करून देण्याची मागणी करता येते.

दरम्यान गावाने काय प्यायचे? या प्रश्नाचे उत्तर प्रदूषणाच्या कायद्यात नाही, ग्रामपंचायतीच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या जबाबदारीत आहे. ग्रामसभेचा ठराव, प्रयोगशाळेचा अहवाल आणि विहिरीला स्वच्छता सर्वेक्षणात लाल कार्ड (स्रोताला जास्त धोका असल्याची खूण) मिळाले असल्यास त्याची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे टँकरची आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे पर्यायी स्रोताची मागणी करावी. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली होता, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली आहे. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने याच अधिकाराच्या आधारे नगरपालिकेला गटारांची व्यवस्था करायला लावली होती आणि पैसा नाही ही सबब ऐकून घेतली नव्हती. ही वाट स्वस्त आहे आणि तालुक्यातच उपलब्ध आहे.

आता राज्याच्या स्वतःच्या कायद्याविषयी. महाराष्ट्राने 1993 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या भूजलाचे विनियमन करणारा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर घेण्यास त्याने मनाई केली आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले. पुढे 2009 चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 1 जून 2014 पासून लागू झाला. त्याची दृष्टी अधिक व्यापक आहे, परंतु त्याच्या नियमांचा मसुदाच 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कायदा असूनही जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला कोणत्या नमुन्यात नोटीस द्यायची हेही ठाऊक नाही, अशी अवस्था वर्षानुवर्षे राहिली. या दोन्ही कायद्यांचा भर पाण्याच्या प्रमाणावर आहे. शेजारच्याने 500 मीटरच्या आत बोअर घेतली तर आपल्याकडे ठोस कलम आहे. शेजारच्याने त्याच 500 मीटरच्या आत घाण मुरवली तर आपल्याला वर सांगितलेला लांबचा वळसा घ्यावा लागतो.

कायदा करण्याऐवजी धोरणावर भागवले की काय होते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नद्यांच्या वर्गवारीनुसार कोणता उद्योग नदीपासून किती अंतरावर असावा, हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने 2000 मध्ये आणले आणि 2009 मध्ये सुधारले. ते विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्यात कधीच आले नाही, म्हणून 2015 मध्ये शासनाने ते रद्द केले तेव्हा विधिमंडळाची संमती लागलीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 च्या अहवालात देशभरातील 311 प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांपैकी 55 महाराष्ट्रात होते, आणि हा आकडा देशात सर्वाधिक होता.

पिण्याच्या पाण्याच्या बाजूने पाहिले तर पोकळी आणखी ठळक दिसते. बाटलीबंद पाणी अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ म्हणून येते आणि त्याचा दर्जा न पाळणे हा गुन्हा ठरतो. भारतीय मानक 10500 मात्र सार्वजनिक पुरवठ्याला स्वतःहून बंधनकारक नाही. योजनांच्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा उल्लेख असतो, पण ते न पाळणाऱ्या ग्रामपंचायतीवर किंवा महापालिकेवर त्या मानकाच्या आधारे थेट कारवाई करणारे कलम नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तेव्हा महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांना विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन टाकून दिले जात असल्याचे सर्वांना कळले. पाणी शुद्ध करून विकणाऱ्या खासगी आरओ केंद्रांवर आणि सुट्या जारच्या पाण्यावर नेमका कोणाचा अंकुश आहे, हा प्रश्नही त्याच वेळी पुढे आला.

म्हणून राज्याने काय करावे, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर आहे: प्रदूषणाचा नवा कायदा करू नये, पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेचा करावा. प्रदूषणाच्या बाबतीत राज्याचे हात अनुच्छेद 252 ने बांधलेले आहेत आणि तिथे नवा कायदा करायला गेल्यास तो पहिल्याच आव्हानात अडकेल. पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य या दोन विषयांच्या आधारे मात्र विधिमंडळ असे म्हणू शकते की सार्वजनिक स्रोतातून पाणी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती ग्रामपंचायत असो, पाणीपुरवठा करणारे प्राधिकरण असो किंवा जार विकणारा खासगी माणूस असो, ठरावीक मानकाचेच पाणी दिले पाहिजे. तपासणीचा अहवाल चावडीवर आणि संकेतस्थळावर ठरावीक दिवसांत लावला पाहिजे. पाणी अयोग्य ठरल्यावर इतक्या तासांत पर्यायी पाणी देण्याची जबाबदारी अमुक पदावरील अधिकाऱ्याची राहील. आणि त्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केला जाईल. लहान ग्रामपंचायतींना दंड लावून उपयोग नाही, कारण त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा आहे ना पैसा. त्यांच्यासाठी तपासणी आणि दुरुस्तीचा खर्च राज्याने उचलण्याची तरतूद त्याच कायद्यात असावी. 500 मीटरचे संरक्षण उपशाबरोबर दूषित पाणी मुरवण्यालाही लागू करणारी दुरुस्ती भूजल अधिनियमात करावी, असाही माझा आग्रह आहे.

आपल्या समितीने या मागण्यांचा स्वतंत्र ठराव ग्रामसभेत करून मतदारसंघाच्या आमदारांकडे द्यावा, आणि विहिरीच्या तक्रारीत तो मिसळू नये. तक्रार मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावे असावी, तिच्या प्रती जिल्हाधिकारी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांना द्याव्यात, त्यांच्याकडून विहिरींमधील भूजलाच्या प्रवाहाची दिशा लेखी मागवावी, आणि पोहोच मिळाल्याच्या दिवसापासून कलम 49 चे 60 दिवस मोजायला सुरुवात करावी.